तिकिटं जूनची केली आहेत

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

तुमची इकडे डेन्व्हरला यायची महिनाअखेरची तिकिटं मी बदलून घेतली आहेत. आता १४ जूनला निघायचं. फोनवर सांगितलं असतं तर बाबा "बरं" म्हणून गप्प झाले असते आणि आई नंतर ओट्यापाशी डोळे पुसत बसली असती, म्हणून लिहिते आहे.

ईशानचा वाढदिवस हुकणार, हे मला तुमच्याइतकंच लागलंय. बाबांनी लक्ष्मी रोडवरून आणलेला कुर्ता तसाच जपून ठेवा. तुम्ही आल्यावर तो घालून पुन्हा ओवाळून घ्यायचं, हे त्यानं स्वतःच ठरवलंय.

पण डेन्व्हरचा एप्रिल आपल्या चैत्रासारखा नसतो हो. गेल्या आठवड्यात दुपारी अर्ध्या बाह्यांचा टॉप घालून अंगणात होते. चारला विजा, गारा, धो धो पाऊस. रात्री त्याच पावसाचा बर्फ झाला आणि बर्फ पडत असतानाही आभाळ गडगडत होतं. इथला हा उशिराचा बर्फ ओला आणि जड असतो. कळ्या-पालवीवर साठतो आणि त्या वजनानं फांद्या मोडतात. रात्रभर तो कडाड् आवाज. पहाटे आम्ही दोघं लांब दांड्याचा झाडू घेऊन खालून फांद्या हलवत होतो. वीज गेलेली, म्हणजे घर गरम करणारं यंत्रही बंद. आई, तुझ्या गुडघ्याचं त्या थंडीत काय झालं असतं, हाच विचार डोक्यात होता.

बाबा, तुम्हाला कारण हवं असतं म्हणून सांगते. मेक्सिकोच्या आखातावरून दमट, उबदार हवा वर येते, कॅनडाकडून थंड हवा खाली उतरते आणि मैदानावर मोठं वादळ फिरू लागतं. त्याच्या पूर्वेला कॅन्सस-नेब्रास्काकडे विजांचा पाऊस, आणि आमच्याकडे पूर्वेचा वारा रॉकीच्या उतारावर चढून थंड होतो, की बर्फ. मार्च २०२१ मध्ये एकाच वादळात सत्तावीस इंच पडला होता. ८ मे २०१७ च्या गारांनी तर इथल्या एका मॉलचं छप्पर असं फोडलं, की तो कित्येक महिने बंद होता. अशा दिवसांत विमानं रद्द होतात. मधल्या एखाद्या विमानतळावर तुम्ही रात्रभर खुर्चीत बसलेले, हे मला नाही सोसवणार. गडगडाट आणि गारा जूनमध्येही असतात, पण रस्ते घसरडे नसतात, आणि आभाळ तुम्हाला खिडकीतून आरामात बघता येईल. तुमची खोली खालीच केली आहे, बाथरूममध्ये धरायला दांडा बसवलाय. चहासाठी गवती चहा कुंडीत लावलाय, पण बर्फाच्या भीतीनं कुंडी अजून घरातच आहे.

शिवाय आता हापूस सुटणार नाही.

तुम्ही तिथे वळवात सापडाल, याची मात्र काळजी वाटते. लहानपणी गच्चीवर कुरडया वाळत घातलेल्या असायच्या, आभाळ भरून आलं की आई ओरडत धावायची, बाबा प्लास्टिक टाकायचे आणि मी त्या गोंधळात वाटीत गारा वेचायचे. बाबा शेवटी माझं डोकं त्यांच्या बनियननं पुसायचे, तो वास अजून आठवतो.

आता तसं धावायचं नाही. कुरडया भिजल्या तर भिजू देत. दुपारनंतर ढग चढले की गच्चीवर कोणी जाणार नाही, बाबांनी पाण्याची टाकी बघायलासुद्धा नाही. मोबाइलवर 'दामिनी' ॲप घाला. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संस्थेनं बनवलंय, जवळपास वीज पडण्याची शक्यता असली की सांगतं. फिरायला सकाळीच जा. पावसात अडकलात तर झाडाखाली थांबू नका, आणि होर्डिंगखाली तर मुळीच नाही. एप्रिल २०२३ मध्ये किवळ्याला वादळात होर्डिंग पडलं, तेव्हा आडोशाला थांबलेले पाच जण गेले. भिजलात तर भिजा, घरी येऊन आल्याचा चहा घ्या.

आणि बाबा, बीपीची गोळी आईनं विचारायच्या आधी. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात नको, पायावर हवा.

दोघांना खूप खूप प्रेम.

तुमची,
चिमी

ता. क. नव्या तिकिटांवर दोघांसाठीही व्हीलचेअर मागितली आहे. बाबा, "मला कशाला" म्हणून ती परत पाठवायची नाही. आईला एकटं बसायला संकोच वाटतो.