मेन स्विचची किल्ली कोणाच्या खिशात?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘यंत्राची साफसफाई करताना हात अडकून कामगार जखमी’ ही बातमी जिल्ह्याच्या पानावर अधूनमधून येते. चार ओळी असतात. माणूस दगावलाच तर शेवटी ‘अकस्मात मृत्यूची नोंद’. जळगावच्या एमआयडीसीत मेंटेनन्स फिटर म्हणून माझी उमर गेली. अशी बातमी दिसली की मी एकच गोष्ट शोधतो : त्या वेळी मेन स्विच कोणाच्या ताब्यात होता? ते कधीच छापलेले नसते.

मी जवळून पाहिलेल्या बहुतेक अपघातांत मशीन बंदच होते. ते दुसऱ्याच कोणीतरी चालू केले. पूर्वी पॅनेलवर चिनी मातीचे किटकॅट फ्यूज असत. जुना वायरमन काम सुरू करण्याआधी तिन्ही फ्यूज उपसून खिशात टाकायचा. लॉकआउट-टॅगआउट (वीज तोडून स्विचला कुलूप आणि पाटी लावणे) हा शब्द त्याने ऐकलेला नव्हता, पण फ्यूज खिशात आहेत तोवर मशीन फिरणार नाही हे त्याला पक्के ठाऊक होते. आता एमसीबी, म्हणजे फ्यूजच्या जागी खटक्याचे स्विच, आले. खटका खाली पाडायचा आणि कामाला लागायचे. जाता-येता कोणीही तो वर करू शकतो. पहिल्या पाळीचा माणूस प्लास्टिक ग्राइंडरची पाती सोडवत आत वाकलेला आहे, हे दुसऱ्या पाळीच्या ऑपरेटरला सांगणार कोण? एमसीबीला लावायचे कुलूप बाजारात मिळते. ते लावायचे आणि किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात ठेवायची, सुपरवायझरच्या टेबलावर नव्हे.

त्यात आपल्याकडची वीज. लाइट गेली की ‘तेवढ्यात जाम काढून घे’ म्हणून हेल्परला हात घालायला लावतात. स्टार्टर धड असेल तर लाइट गेल्यावर तो सुटतो, बटण दाबल्याशिवाय मोटर पुन्हा फिरत नाही. पण शेतातल्या पंपासारखा ‘ऑटो’ बसवला असेल किंवा स्टार्टरमध्ये काडी खोचून ठेवली असेल, तर लाइट येताक्षणी मोटर सुरू. हात बाहेर काढायला सवड मिळत नाही.

डाळ मिलच्या एलिव्हेटरला, म्हणजे माल वर चढवणाऱ्या डब्यांच्या पट्ट्याला, तर नुसते कुलूपही पुरत नाही. चढत्या बाजूच्या डब्यांत तूर भरलेली असते. खालचे झाकण उघडून अडकलेला माल मोकळा केला की त्या वजनानेच पट्टा उलटा खाली येतो आणि बोटे डब्याखाली सापडतात. वीज बंद असते, तरीही. पट्टा आधी बांधून घ्यावा लागतो. नव्या पोराला हे कोणी सांगत नाही.

यातले बरेच कायद्यात कधीचेच लिहिलेले होते. नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने कायदा, 1948 चे कलम 24 सांगत होते की, चुकून ‘चालू’कडे सरकू शकेल अशा स्विचला बंद स्थितीत कुलूपबंद करण्याची सोय हवी. कलम 22 प्रमाणे, यंत्र चालू ठेवूनच तपासणी किंवा तेलपाणी करावे लागणार असेल, तर ते अंगाला घट्ट बसणारे कपडे घातलेल्या, खास प्रशिक्षित, रजिस्टरात नाव असलेल्या कामगारानेच करायचे होते. प्रत्यक्षात पुढे केला जातो तो ठेकेदाराचा परवा आलेला हेल्पर, गळ्यात रुमाल लोंबत असलेला. अपघात झाला की शेरा ठरलेला : कामगाराचा निष्काळजीपणा. अंगठा गेला तर 1923 च्या भरपाई कायद्याचे (तोही 2025 पर्यंतच होता) परिशिष्ट कमाईची क्षमता 30 टक्के घटली असे धरत असे. पान्यावर पोट असणाऱ्याचे अंगठ्याविना किती टक्के जाते, ते एखाद्या फिटरला विचारून पाहावे.

दसऱ्याला याच पॅनेलला झेंडूचा हार आणि लिंबू-मिरची मिळते. कुलपाचा खर्च मात्र मालकांना जड होतो, हे गमतीचेच म्हणायचे.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती. पुढच्या वेळी अशी बातमी देताना मेन स्विचला कुलूप होते का, एवढे कारखान्यात विचारावे आणि मिळालेले उत्तर छापावे. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या चौकशीत काय निघाले, त्याचीही बातमी महिना-दोन महिन्यांनी यावी.

आपला,
एक निवृत्त फिटर, जळगाव