दोन बांडे वटवटे

नैरोबी, रविवार

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

मी येथे सुखरूप आहे. "नोकरी करतोस की पाखरे मोजतोस?" हा बाबांचा प्रश्न मात्र मनाला लागला; पाखरे मी केवळ सुट्टीच्या दिवशीच पाहतो.

माझ्या खोलीमागच्या बाभळीवर एक वटवट्या येतो. तो जेमतेम ९ सेंटीमीटरचा आहे, शेपूट इतके बांडे की जवळजवळ नाहीच, आणि चोच किंचित वाकडी. म्हणूनच डच भाषेतून त्याला 'क्रोम्बेक', म्हणजे वाकड्या चोचीचा, हे नाव मिळाले. याचा चेहरा सगळा तांबूस, त्यावर एकही रेघ नाही. गेल्या आठवड्यात विषुववृत्तापलीकडे, बारिंगो सरोवराकाठी, त्याचा उत्तरेकडचा भाऊबंद दिसला आणि मी प्रथम फसलोच, कारण पाठ तशीच राखाडी होती आणि सालीतले किडे टिपत फांदीवरून सरकण्याची रीतही तीच. त्याने मान वळवली तेव्हा कोठे डोळ्यावरची गडद रेघ आणि तिच्या वरची फिकट भुवई दिसली. हा रखरखीत काटेरी रानातला; आमचा थोड्या ओलाव्याच्या झाडीतला.

तेथल्या वाटाड्याने मला स्वाहिलीत "सा मोजा"ला बोलावले होते. 'सा' म्हणजे तास, 'मोजा' म्हणजे एक, म्हणून मी दुपारी एकला पोहोचलो. तो बिचारा सकाळी सातपासून ताटकळत होता! येथे सूर्य वर्षभर सहा-साडेसहाला उगवतो, म्हणून तास तेव्हापासून मोजतात: सकाळचे सात म्हणजे एक, आठ म्हणजे दोन, दुपारचे बारा म्हणजे सहा, आणि संध्याकाळी सातला पुन्हा एक. त्यामुळे पक्षी दिसला तो दुसऱ्या दिवशी.

आई, बारिंगो सखल भागात असल्याने तेथे हिवतापाचे डास आहेत, हे खरे. पण गोळ्या वेळेवर घेतल्या होत्या. नैरोबी सुमारे १,७०० मीटर उंचीवर आहे, येथे ती भीती फारशी नाही.

पन्नास हजार रुपये पाठवले आहेत. या खेपेस दहा हजार कमी आहेत. दुर्बीण घेतली, तीही सहकाऱ्याची जुनी. ताईच्या साखरपुड्याला रजा मिळत नाही, लग्नाला मात्र नक्की येईन, आणि तोवर माझ्या स्थळांचा विषय कृपया काढू नये. तिला मी स्वतः फोन करीन, तुम्ही आधी सांगू नका.

अंगणातल्या लिंबावर शिंप्याने यंदाही पाने शिवली का, तेवढे कळवावे.

आपला,
श्रीधर