आधी उजेड, मग आवाज. मधल्या वेळात खिडकीपासून लांब राहा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात ‘गूढ आवाजांनी नागरिक हादरले’ अशी चार ओळींची बातमी होती. पहाटे तीन-चार आवाज झाले, कारण समजले नाही, एवढ्यावर ती संपली. त्या पहाटे मी जागा होतो. आवाजाच्या आधी काय झाले ते मी पाहिले आहे, म्हणून हे पत्र.

मी काचा बसवणारा कारागीर आहे, 36 वर्षे हेच काम करतो. त्या दिवशी पाणी प्यायला उठलो होतो. अंधाऱ्या खोलीत एकदम निळसर पांढरा उजेड पडला, खिडकीच्या गजांची सावली भिंतीवरून सरकत गेली आणि पुन्हा काळोख. सगळे मिळून चार-पाच सेकंद. मी पडदा सारला आणि काचेला कपाळ टेकवून आभाळात बघत उभा राहिलो. हातातले पाणी पिऊन झाले. आतून मुलीने विचारले, “बाबा, लाइट कसली होती?” मी म्हणालो, “काही नाही, झोप तू.” त्यानंतर बऱ्याच वेळाने धडाड, धडाड, आणि मागून लांबलचक गडगडाट. काच आत आली आणि तशीच मागे गेली, हे माझ्या कपाळाला कळले. पुट्टीला तडा गेला. काच टिकली.

उजेड, मग शांतता, मग एकापाठोपाठ आवाज. हा क्रम मोठ्या उल्केचा आहे. उल्का सेकंदाला 11 ते 72 किलोमीटर वेगाने वातावरणात घुसते. ध्वनीला मात्र जमिनीलगत एक किलोमीटर जायला जवळपास तीन सेकंद लागतात, वरच्या थंड हवेत त्याहून थोडे जास्त. उल्केपुढची हवा बाजूला सरायच्या आत दाबली जाते, भयंकर तापते, आणि त्या दाबाची लाट खाली येते. उल्का तापते ती मुख्यतः या दाबलेल्या हवेमुळे, निव्वळ घासल्यामुळे नव्हे. ती फुटली की प्रत्येक फुटीचा आवाज वेगळा येतो, शिवाय लांब मार्गावरचे आवाज वेगवेगळ्या अंतरावरून येतात, म्हणून गडगडाट. रोज दिसणारे तुटते तारे वाळूच्या कणाएवढे असतात, 80 ते 100 किलोमीटर उंचीवरच संपतात, त्यांचा आवाज खाली येत नाही.

रशियात चेल्याबिन्स्क शहराजवळ 15 फेब्रुवारी 2013 च्या सकाळी सुमारे 20 मीटर व्यासाचा दगड असाच आला आणि जमिनीपासून सुमारे 30 किलोमीटरवर फुटला. सुमारे दीड हजार माणसे जखमी झाली. दगड कोणाच्या डोक्यात पडला नाही. बहुतेकांना लागल्या त्या खिडकीच्या काचा. लख्ख उजेड दिसला म्हणून लोक खिडकीशी गेले, धुराची रेघ बघत उभे राहिले, आणि दोन मिनिटांहून अधिक वेळाने लाट शहरात पोहोचली. एका शिक्षिकेने उजेड दिसताच वर्गातल्या मुलांना बाकांखाली बसवले. मुलांना काही झाले नाही. तिचा स्वतःचा हात कापला.

हे सगळे मला माहीत होते. त्या घटनेची चित्रणे मी कितीतरी वेळा पाहिली आहेत, काचा कशा निखळतात हे बघण्यासाठीच. तरी मी खिडकीशी गेलो. उजेड दिसला की पाय तिकडेच वळतात. म्हणून खिडकीपासून दूर सरायची सवय आधीपासून अंगवळणी पडायला हवी, विजेनंतर मुले आकडे मोजतात तशी.

काचेबद्दल मला अधिकाराने बोलता येईल. हवेचा दाब नेहमीपेक्षा एक टक्क्याने वाढला तरी एक चौरस मीटर काचेवर सुमारे 100 किलोंचा भार क्षणात येतो. जाडी तीच ठेवून काच मोठी घेतली तर ती लवकर फुटते. साधी काच फुटली की तिचे सुऱ्यासारखे लांब तुकडे होतात. टफन, म्हणजे तापवून कडक केलेल्या, काचेचे खडीसारखे बोथट दाणे होतात. लॅमिनेटेड काच, म्हणजे मध्ये पापुद्रा घालून जोडलेली दुहेरी काच, तडकते, पण त्या पापुद्र्याला चिकटून राहते. गिऱ्हाईक हल्ली भिंतभर काच मागते आणि बिछाना तिच्याच खाली लावते. मी दर वेळी सांगतो, फार कमी लोक ऐकतात. लाट आधी ढकलते आणि मागून ओढते. सैल बसवलेली काच दुसऱ्या झटक्यात निघते.

एक विनंती आपल्याला. फ्रान्समधल्या लेग्ल गावावर एप्रिल 1803 मध्ये मोठे आवाज होऊन सुमारे 3,000 दगड पडले. आभाळातून दगड पडतात, हे तोवर बहुतेक विद्वान खेडुतांची समजूत मानत. 29 वर्षांचा फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ झाँ-बातिस्त बियो तिथे गेला, गावोगाव फिरला, कोणी काय ऐकले, कुठे पाहिले, हे विचारत राहिला. त्या साध्या माणसांच्या सांगण्यावरून आणि सापडलेल्या दगडांवरून त्याने अहवाल लिहिला, आणि विद्वानांना मानावे लागले. आपल्या बातमीत मला तीच विचारपूस हवी होती. उजेड दिसला का, कोणत्या दिशेला, कुठून कुठे गेला, आवाज किती सेकंदांनी आला? वेगवेगळ्या ठिकाणची अशी उत्तरे जुळवली तर उल्केचा मार्ग काढता येतो आणि तुकडे कुठे शोधायचे तेही कळते.

आणि त्या चार ओळींच्या खाली पाचवी ओळ छापावी: उजेड दिसल्यावर निदान पाच मिनिटे काचेपासून दूर, भिंतीच्या आडोशाला थांबा. तिथे उभे राहून सेकंद मोजा.

मी त्या खिडकीची पुट्टी काढून लॅमिनेटेड काच बसवली आणि मुलीचा पलंग समोरच्या भिंतीला लावला. आवाजाची वेळ आमच्याकडे आहे. घाबरून तिने मैत्रिणीला ‘ऐकलंस का’ असा मेसेज लगेच पाठवला, त्यावर 5 वाजून 12 मिनिटे आहेत. उजेडाची वेळ माझ्याकडे नाही. ज्या वाचकाने तेव्हा घड्याळ पाहिले असेल त्याने ती आपल्याकडे कळवावी, आणि आपण ती छापावी.

आपला,
एक काच कारागीर