स्नॉर्कलिंगला निघण्याआधी तिथी बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सुट्टीत मालवण-तारकर्लीला येणारी कुटुंबं हॉटेल, बोट, मासळीची थाळी सगळं आधी ठरवतात आणि स्नॉर्कलिंगला, म्हणजे मास्क आणि श्वासाची नळी लावून तरंगत तळ बघायला, पाण्यात उतरायचं मात्र मधल्या मोकळ्या तासात बसवतात. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे प्रवाळ बघायचे असतील, तर आधी समुद्राची वेळ धरावी आणि जेवणाची तिच्या मागून.

अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याला ओढ असते, गाळ उठतो आणि हातभर अंतरावरचंही धुरकट दिसतं. अष्टमीनंतरचे दोन-तीन दिवस भांगाचे, म्हणजे सौम्य भरती-ओहोटीचे, तेव्हा ओढ कमी. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ येते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ. पक्ष शुक्ल असो वा कृष्ण. त्या दिवशी सकाळी दहाच्या आत उतरलं की पाणी भरलेलं असतं, खालच्या खडकाला पाय लागत नाहीत आणि दुपारचा खारा वारा सुटायच्या आत परतता येतं. हिशेब अर्धा-पाऊण तास चुकू शकतो, म्हणून भरती-ओहोटीचं कोष्टकही बघावं.

मुलं घाबरतात ती समुद्राला नव्हे, मास्कमध्ये शिरणाऱ्या पाण्याला. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवून नाकाने हलका श्वास ओढावा. हात सोडल्यावर तो चिकटून राहिला तरच मापाचा. कडेखाली केसाची एक बट अडकली तरी पाणी झिरपतं, मिशीवाल्या बाबांना तर हमखास. अशा वेळी पट्टा आवळणं हा उपाय नव्हे. त्याने रबर वाकडं होऊन गळती वाढते. पट्टा कानांवर नको, डोक्याच्या मागच्या उंचवट्यावर हवा. काच धुरकटू नये म्हणून आतून थुंकी चोळून समुद्राच्या पाण्याने एकदा विसळावी. किळस वाटेल, पण उपाय खात्रीचा आहे. मोठ्यांची नळी लहान मुलांना देऊ नये: नळी जितकी लांब-रुंद, तितकी सोडलेलीच हवा पुन्हा आत येते आणि मूल धापा टाकू लागतं.

बोटीवर चढण्याआधी गुडघाभर पाण्यात वीस मिनिटं सराव करावा. आधी नुसती नळी तोंडात धरून तोंडाने श्वास. मग मास्क लावून चेहरा पाण्यात. मग मुद्दाम नळीत पाणी घेऊन ‘तू’ म्हणल्यासारखी जोराची फुंकर. ही फुंकर जमली की निम्मी भीती जाते. ज्याला जमत नाही त्याला पुढे ढकलू नये. काचेच्या तळाच्या बादलीतून आजीला आणि नातवाला बोटीवरूनही प्रवाळ दिसतात. लाइफ जॅकेटचा मांड्यांमधून जाणारा पट्टा बांधलाच पाहिजे, नाहीतर मूल खाली आणि जॅकेट कानांशी. एका मुलामागे एक मोठं माणूस. हात डोक्यावर म्हणजे ठीक, हात हलवला तर मदत हवी, हे आधीच ठरवून ठेवावं. ओठ निळसर दिसले किंवा हुडहुडी भरली की लगेच बाहेर.

इथले प्रवाळ जाहिरातीतल्यासारखे गुलाबी-जांभळे नाहीत. गोलसर धोंड्यांसारखे आणि कुंड्यांसारखे, बहुतेक तपकिरी. त्यांच्या अंगात राहणाऱ्या सूक्ष्म शेवाळाचा तो रंग आहे आणि तेच त्यांना अन्न पुरवतं. पाणी फार तापून ते निघून गेलं की प्रवाळ पांढरे पडतात. धोंड्यासारखे प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. अर्धा मीटर उंचीच्या प्रवाळावर कुणी फोटोसाठी उभं राहिलं, तर पायाखाली पन्नासेक वर्षं असतात.

मासे जमवण्यासाठी पाव चुरडून टाकायची पद्धत तर बंदच व्हायला हवी. काळ्या पट्ट्यांचे मासे झुंडीने येतात, फोटो छान येतो. पण बाहेरून वाढणारं शेवाळ खरवडून खाणारे मासे पावाला सोकावले की ते शेवाळ प्रवाळांवर माजतं. सनस्क्रीन फासण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा अंगरखा बरा. पाठ भाजत नाही आणि पाण्यात काही विरघळतही नाही.

पर्यटकांच्या हातात नसलेली एक गोष्ट म्हणजे नांगर. प्रत्येक फेरीला तो टाकला जातो आणि त्याची साखळी झुल्यासारखी फिरून आजूबाजूचं सगळं खरवडते. वाळूच्या पट्ट्यात काँक्रीटचे ठोकळे कायमचे बसवून त्यांना दोराने बोये, म्हणजे पाण्यावर तरंगणारे गोळे, लावले, तर बोटी त्यांनाच बांधता येतील. दोराला मध्ये एक छोटा तरंगता बोया हवा, म्हणजे सैल दोर तळावर घासणार नाही. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं आणि दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. एवढं संरक्षण कागदावर असताना बोयांसाठी वेगळा कायदा लागत नाही. संबंधित खात्यांनी येत्या हंगामाआधी हे काम करावं, आणि जेट्टीवर तिकीटदरांच्या फलकाशेजारी त्या दिवसाच्या भरतीची वेळ खडूने लिहायला एक फळा लावावा.

आपला,
एक वाचक, मालवण