दुसऱ्या डोसला बाई का येत नाही? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

उपकेंद्रावर नर्स होते, आता निवृत्त आहे. म्हणून जरा मोकळेपणाने लिहिते.

२०१७ पासून सरकारी दवाखान्यांत ‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन मोफत मिळू लागलं. दर तीन महिन्यांनी एक. घरात गवगवा न करता घेता येतं, म्हणून बायकांना सोयीचं. माझ्याकडची एक बाई पहिला डोस घेऊन गेली ती दुसऱ्याच्या तारखेला फिरकलीच नाही. आशाताईंना घेऊन घरी गेले. मागच्या दारी भांडी घासत होती. हात न थांबवता हळूच म्हणाली, “सिस्टर, पाळीच येत नाही. घाण रक्त आत साठतं म्हणतात, खरंय का?”

पाळी मागेपुढे होते, मधेच डाग दिसतात, कधी बंदही होते. रक्त मात्र कुठे साठत नाही. एवढं सुई टोचण्याआधी सांगायला हवं होतं. मी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी लसीकरण होतं, ओट्यावर बाळं रडत होती, आणि सल्ल्याची जागा म्हणजे औषधांच्या खोक्यांजवळचं स्टूल. शेजारी तिची जाऊ बसलेली!

याच औषधावरचा चीनमधला एक अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. ज्या बायकांना आधी आणि नंतरही नीट समजावलं, त्यांच्यातल्या ११ टक्क्यांनी वर्षभरात इंजेक्शन सोडलं; बाकीच्यांत ४२ टक्क्यांनी.

आपल्या आढावा बैठकीत विचारणा होते ती ऑपरेशन किती, तांबी किती, पहिले डोस किती. दुसऱ्या-तिसऱ्या डोसचे रकाने कागदावर असतात, त्यांचा विषय निघत नाही. (पुरुषांचा तर नाहीच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरात स्त्री नसबंदी ३७.९ टक्के, पुरुष नसबंदी ०.३.)

साहेब, बैठकीत पहिला प्रश्न हा विचारायला लावा: पहिला डोस घेतलेल्या किती जणी परत आल्या, आणि न आलेल्यांना आधी काय सांगितलं होतं? जिला नको वाटेल तिला दुसरं साधन द्या. तांबी काढायला आलेलीला आधी बोलणी खावी लागू नयेत. आणि लसीकरणाचा दिवस सोडून आठवड्यातली एक दुपार फक्त या बोलण्यासाठी राखून ठेवा. पडद्याचं कापड सिस्टर गावातून जमवतील. दुपार तुमच्या सहीशिवाय मिळत नाही.

आपली,
एक निवृत्त एएनएम