ग्रीनिचहून तुझ्यासाठी

हॅरो, लंडन
फेब्रुवारी

प्रिय बंड्या,

आत्याच्या स्वयंपाकघरात बसून लिहितोय. बाहेर अंधारून आलंय. तव्यावर थालीपीठ आहे, साताऱ्याहून आणलेल्या भाजणीचं. फोनवर सगळं सांगता आलं असतं, पण बोलण्याच्या भरात काही ना काही राहून जातं, म्हणून कागद घेतला.

टॉवर ब्रिज, राजवाडा, म्युझियम सगळं झालं. त्यांचे फोटो तू पाहिलेसच. बिग बेनचं मात्र सांगतो. त्या घड्याळाच्या लंबकावर जुनी पेनीची नाणी ठेवून वेळ सांभाळतात. एक नाणं वाढवलं की घड्याळ दिवसाला सेकंदाच्या दोन पंचमांश पुढे जातं! हे ऐकलं तेव्हा पहिली आमच्या घड्याळजीची, म्हणजे तुझीच आठवण झाली.

किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घरही पाहिलं. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब शिकत असताना तिथे राहायचे. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं. आत्या पायऱ्यांवरच चप्पल काढायला लागली. आत गेल्यावर बराच वेळ आम्ही दोघंही बोललो नाही.

पण माझं मन होतं ग्रीनिचच्या वेधशाळेकडे. तुला शब्द दिला होता ना, जहाजांना समुद्रात आपली जागा कळावी म्हणून जॉन हॅरिसनने केलेली घड्याळं बघून येईन म्हणून. आत्या १९७३ साली नर्स म्हणून इथे आली. पन्नास वर्षांत तिचं तिकडे जाणं झालं नव्हतं. "ड्युटी, मुलं, मग ह्यांचं आजारपण. कधी जमलंच नाही रे," म्हणाली. इथल्या ज्येष्ठांना मिळणारा मोफत प्रवासाचा फ्रीडम पास पर्समध्ये टाकून निघाली. गाड्या बदलत आयलंड गार्डन्सला उतरलो आणि थेम्सच्या खालून चालत पलीकडे गेलो. १९०२ चा बोगदा आहे, पांढऱ्या टाइल्सचा. गोदीतल्या कामगारांना नदीपार कामावर जाता यावं म्हणून बांधलेला. डोक्यावरून नदी वाहतेय या विचाराने आत्याने माझा हात घट्ट धरला होता.

बंड्या, ती घड्याळं! पहिलं १७३५ चं, टेबलाएवढी जागा खाणारं, पितळी, वर दोन लंबक स्प्रिंगांनी एकमेकांना जोडलेले. जहाज डोललं तरी एकाचा हेलकावा दुसऱ्याने सावरावा म्हणून. चाकं लाकडी, आणि काही भाग लिग्नम व्हायटी नावाच्या लाकडाचे. त्या लाकडातच तेल असतं, वरून घालावं लागत नाही. ते आजही चालतंय. काचेपाशी उभा राहून मी तुझ्यासारखाच श्वास रोखून पाहत होतो. तिसऱ्यावर या सुताराच्या पोराने एकोणीस वर्षं घालवली आणि मग ते सगळं बाजूला ठेवून चौथं केलं, तेरा सेंटीमीटरचं, खिशातल्या घड्याळाचा थोरला भाऊ शोभावं असं. १७६१ मध्ये त्याचा मुलगा ते घेऊन जमैकाला निघाला. एक्क्याऐंशी दिवसांत ते अवघं पाच सेकंद मागे पडलं. समुद्रात आपण पूर्व-पश्चिम कुठे आहोत हे बरोबर वेळेवरूनच कळायचं, चार मिनिटांचा फरक म्हणजे एक अंश. तेवढ्यासाठी माणसाने आयुष्य वेचलं. ते चौथं घड्याळ मात्र बंद ठेवलंय. त्याला तेल लागतं, चालवलं तर झिजेल.

तिथेच आत्या म्हणाली, "ह्यांचंही घड्याळ असंच बंद ठेवलंय मी."

बाहेर टेकडीवर बाकावर बसून तिने सांगितलं. आतोबांचं एचएमटी जनता, लग्नातलं. रोज रात्री जेवणं झाली की ते घड्याळ काढून उलटं धरायचे. इथले दहा वाजले असले की उलट्या घड्याळात मिनिटकाटा तिसावर दिसतो आणि तासकाटा चारच्या आसपास. भारतात तेव्हा पहाटेचे साडेतीन. तासकाटा अर्धं घर पुढे, पण मिनिटकाटा बरोब्बर! "वाईला आई अजून झोपलीय, तासाभराने उठेल," एवढं म्हणून ते घड्याळाला चावी द्यायचे. मार्चअखेर इथली घड्याळं एक तास पुढे गेली की ही खूण बंद व्हायची, ती ऑक्टोबरात परत लागू व्हायची. वाईची आजी गेली त्यानंतरही ते घड्याळ उलटं धरत राहिले.

एवढ्यात वेधशाळेच्या मनोऱ्यावरचा लाल गोळा एक वाजता खाली आला. १८३३ पासून रोज येतो, पूर्वी तो पाहून नदीतली जहाजं आपली घड्याळं लावायची. आत्या हातातल्या घड्याळाकडे बघत होती. तिने मनगट उलटं फिरवलं आणि मान हलवली.

घरी आल्यावर तिने कपाटातून आतोबांचं घड्याळ काढलं, रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिलं. चावी फिरते, पण काटे हलत नाहीत. मागचं झाकण मी उघडलेलं नाही, तूच उघड. तिचं सांगणं एवढंच आहे की काच बदलू नकोस. डाव्या बाजूचा चरा धाकटी लहान असताना तिच्या हातून घड्याळ पडलं तेव्हाचा आहे. आणि चालू झालं की भारताची वेळ लावून दे, पुढे ती इथे त्याला हात लावणार नाही.

पुढच्या रविवारी पोहोचतोय. सोमवारी सकाळी मोती चौकात येतो, भिंग काढून ठेव.

तुझा,
आप्पा