दसऱ्याच्या घाईत फ्लोअरचा पत्रा कुजतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दसरा जवळ आला की सोलापुरात जुन्या फियाट, अॅम्बेसेडर आणि जीप गॅरेजच्या दारात रांगेने उभ्या राहतात. पूजेला गाडी नवी दिसली पाहिजे, म्हणून बाहेरून रंग आणि आतून नवे कार्पेट, तेही चार दिवसांत. नेमका सप्टेंबर हा आपल्याकडचा सर्वांत पावसाचा महिना. त्या दमट हवेत रंगवलेल्या पत्र्यावर लगेच गम लावून कार्पेट दाबले, की गंज आत कोंडतो. वरून कार्पेट झकास दिसत राहते आणि खाली पत्र्याची चाळण होते.

हे काम तीन हातांतून जाते: डेंटर (पत्रा ठोकणारा), पेंटर आणि कुशनवाला (सीट-कार्पेट बसवणारा). तिघेही आपल्या कामात तरबेज असतात. बिघडते ते एकाने दुसऱ्याच्या ताब्यात गाडी देताना. पेंटरने संध्याकाळी रंग मारला आणि सकाळी कुशनवाला गमाचा डबा घेऊन हजर, असे चालत नाही. कुशनच्या पिवळ्या रबर गमात टोल्युईनसारखे जहाल द्रावक असते. रेड ऑक्साईडचा प्रायमर (रंगाआधीचा थर) आणि त्यावरचा साधा सिंथेटिक इनॅमल यांच्यावर तो पडला की रंग भिजून फुगतो आणि दुधावरच्या सायीसारखा गोळा होतो. कार्पेट मग पत्र्याला नव्हे, त्या सुटलेल्या सालीला चिकटलेले असते. ओढून पाहिले तर कार्पेटच्या पाठीला रंग आणि खाली उघडा पत्रा.

आता क्रमाने. सीट, दाराच्या उंबऱ्यावरच्या पट्ट्या, जुनी मॅट, नमदा सगळे बाहेर काढावे आणि बॅटरीची वायर सोडावी. डांबरी शीट हीट गनने कोमट करून रुंद पट्टीने खरवडली की निघते. उरलेले डांबर रॉकेलने आणि रॉकेलचा तेलकटपणा थिनरच्या स्वच्छ फडक्याने काढावा. घासायच्या आधी पुसणे महत्त्वाचे. तेलकट पत्र्यावर आधी पॉलिश पेपर चालवला, तर तेल ओरखड्यांत बसते आणि प्रायमरला नंतर माशाच्या डोळ्यासारखे खळगे पडतात.

फ्लोअर उघडा असतानाच पाणी कुठून येते ते शोधावे. यासाठी आपला पेपर उत्तम, संपादकसाहेब. जुने अंक फ्लोअरभर अंथरावेत, एकाने आत बसावे आणि दुसऱ्याने बाहेरून पाइपने पाणी सोडावे. आधी खाली, मग दाराची रबरे, शेवटी पुढच्या काचेचे रबर; एकेका जागी पाच-दहा मिनिटे. एकदम वरून पाणी ओतले तर सगळीकडून ओघळते आणि काही कळत नाही. कागदावर पहिला ओला डाग पडेल त्याच्या वरच्या बाजूला वाट असते. जुन्या गाड्यांत बहुधा काचेच्या रबराचे खालचे कोपरे निघतात. ही गळती न थांबवता फ्लोअर रंगवणे म्हणजे गळक्या छताखाली जमीन सारवणे.

पत्रा हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहावा. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला भद्द वाजतो. भोकावर एम-सील थापणे किंवा पत्र्याचा तुकडा रिव्हेटने बसवणे ही मलमपट्टी आहे; दोन पत्र्यांच्या फटीत पाणी शिरते आणि गंज दुप्पट जागेत पसरतो. कुजका भाग कापून 20 गेजचा पत्रा कडेला कड लावून वेल्ड करावा. सीओटू वेल्डिंगने एक टाका इथे, पुढचा हातभर लांब, असे केले तर पत्रा वाकत नाही. सलग ओढलेली गॅस वेल्डिंग सपाट फ्लोअरला लाटा आणते. फियाट पद्मिनीला वेगळी चेसी (खालची लोखंडी चौकट) नाही, फ्लोअर आणि उंबरे हेच तिचे बळ. उंबरा कापण्याआधी गाडीला खालून नीट टेका दिला नाही तर दारे नंतर बसत नाहीत. खालून जाणारी पेट्रोलची नळीही आधी पाहून घ्यावी.

गंज तारेच्या ब्रशने आणि 80 नंबरच्या पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत काढावा. खड्ड्यांत उरलेल्या काळ्या ठिपक्यांना फॉस्फोरिक अॅसिडचे रस्ट रिमूव्हर लागते, पण ते धुऊन, पुसून, पूर्ण वाळवल्याशिवाय वर इपॉक्सी प्रायमर मारू नये. राहिलेले अॅसिड इपॉक्सीला धरू देत नाही. धुवायला बोअरचे जड पाणी नको, त्याचे क्षार पत्र्यावर राहतात. घासलेला पत्रा रात्रभर उघडा ठेवला तर सकाळी त्यावर तांबूस झाक येते. म्हणून घासणे आणि प्रायमर एकाच दिवशी.

प्रायमर दोन भागांचा इपॉक्सीच घ्यावा. स्वस्तातला एका डब्याचा प्रायमर सच्छिद्र असतो, पाणी पितो. त्याच्यावर भरवसा ठेवून गाडी महिनाभर उभी करू नये. हार्डनरचे (दुसऱ्या भागाचे) प्रमाण डब्यावर लिहिलेले असते तेच धरावे, अंदाजाने नव्हे. मिसळल्यावर डब्यावर सांगितले तितका वेळ मिश्रण तसेच ठेवून मग ब्रशने दोन हात द्यावेत. पत्रा हवेतल्या दवबिंदूच्या तापमानापेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे दव होते) निदान 3 अंश गरम हवा, नाहीतर न दिसणारा ओलावा प्रायमरखाली अडकतो. उलट आपल्या मे महिन्यात उन्हातला पत्रा इतका तापतो की ब्रश ओढतानाच रंग आटतो. सकाळी सातपासून दहापर्यंत, सावलीत, हा उन्हाळ्यातला मुहूर्त. खरे तर दिवाळी ते होळी हा सोलापुरात या कामाचा हंगाम, दसरा नव्हे.

प्रायमर सुकल्यावर पत्र्यांच्या सांध्यांवर पीयू (पॉलियुरेथेन) सीलर भरावा. सिलिकॉन अजिबात नको. त्यावर रंग बसत नाही, आणि व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन वाळताना अॅसिड सोडते, म्हणजे गंजाला आमंत्रण. फ्लोअरची रबरी बुचे काढून ठेवावीत, रंगात बुडवू नयेत, आणि उंबऱ्याखालची पाणी निघायची भोके उघडी ठेवावीत. आपली काळी माती मडगार्डच्या टोकाशी चिखल होऊन बसते आणि पाऊस संपला तरी तिथे ओल धरून राहते. वर जाड अंडरकोट थापून भोके बंद झाली, की उंबरा आतून सडतो.

रंग म्हणून दोन भागांचा पीयू किंवा इपॉक्सी, दोन हात. कार्पेटखाली चमक कोणी पाहत नाही, म्हणून ब्रशनेच मारावा. पीयूच्या हार्डनरचा फवारा फुप्फुसाला घातक आहे आणि तोंडाला बांधलेला रुमाल त्याला अडवत नाही. पद्मिनीएवढ्या गाडीच्या आतल्या फ्लोअरला लिटरभर प्रायमर, अर्धा-पाऊण लिटर रंग आणि लिटरभर गम पुरतो. मग सात दिवस गाडीला हात लावू नये. एका कोपऱ्यात थिनरचे फडके मिनिटभर दाबून पाहावे. रंग चिकट झाला किंवा फडक्यावर उतरला तर कुशनवाल्याला अजून बोलावू नये.

आता या पत्राचे खरे कारण. फ्लोअरच्या सपाट भागाला कार्पेट चिकटवूच नये. गम फक्त मधल्या बोगद्याला (फ्लोअरच्या मधल्या उंचवट्याला), कडेच्या उभ्या पत्र्याला आणि पुढच्या तिरक्या भागाला. सपाट तुकडे वेगळे कापून टिच बटणांवर बसवावेत, म्हणजे पाऊस झाला की उचलून वाळत घालता येतात. खाली नमदा किंवा गोणपाट नको. पाणी न पिणारा 5-6 मिमीचा बंद पेशींचा फोम, तोही सुटा. आणि मॅटखाली जुनी सोलापुरी चादर अंथरायची आपल्याकडची सवय सोडावी. ती चादर सुती आहे, अंगावर घ्यायची आहे. ओली झाली की पत्र्याला घट्ट बिलगून महिनाभर वाळत नाही.

गम कार्पेटच्या पाठीला आणि पत्र्याला, दोन्हीकडे पातळ लावावा. बोटाची मागची बाजू टेकवली तर चिकटू नये, इतका वाळू द्यावा: थंडीत पंधरा मिनिटे, उन्हाळ्यात पाच. ओल्यावरच दाबले तर द्रावक आत कोंडते आणि कार्पेट घसरत राहते. एकदा टेकले की हलत नाही, म्हणून मध्ये बटर पेपर ठेवून जागा जुळवावी आणि तो हळूहळू ओढून घ्यावा. (इथे मात्र आपला पेपर चालत नाही; तो गमालाच चिकटतो.) दारे उघडी, विडी-सिगारेट लांब. बोल्टच्या भोकांसाठी ड्रिल लावू नये, धागा बिटाला गुंडाळून लांबपर्यंत उसवतो. तापवलेल्या सळईने भोक पाडले की सिंथेटिक कार्पेटच्या कडा वितळून बंद होतात.

पुढच्या तिरक्या भागाला हलक्या प्रतीचा गम वापरू नये. बंद गाडी उन्हात उभी राहिली की तो मऊ पडतो, कार्पेट खाली सरकते आणि अॅक्सिलरेटरमागे दुमडते. गाडी ताब्यात घेताना तिन्ही पेडल तळापर्यंत दाबून, सोडून पाहावीत.

ज्यांना 50 वर्षांवरच्या गाडीची 2021च्या नियमांखाली व्हिंटेज नोंदणी करायची आहे, त्यांनी डेंटरला आधीच सांगावे: चेसी, बॉडी आणि इंजिन मूळचे राहायला हवे. फ्लोअरवरच्या दाबलेल्या पट्ट्या नव्या पत्र्यावरही तशाच उठवून घ्याव्यात, सपाट पत्रा मारून मोकळे होऊ नये.

यंदा पूजा जुन्या मॅटवरच करावी आणि फ्लोअरचे काम दिवाळीनंतर काढावे, एवढे आपल्या वाचकांपर्यंत पोचवावे.

आपला,
बॉडीकामातला एक वाचक, सोलापूर
(नाव छापू नये, ही विनंती.)